सिरियल मॉनिटर कोरा दिसतोय? कोडला हात लावायच्या आधी हे करून बघा

नवीन बोर्ड आणला, कोड टाकला, अपलोडही बिनतक्रार झालं, आणि सिरियल मॉनिटर (चिपने पाठवलेला मजकूर दाखवणारी लॅपटॉपवरची विंडो) उघडला तर एक अक्षर नाही. किंवा अक्षरं येतायत पण सगळे चौकोन आणि उलटीसुलटी प्रश्नचिन्हं. मायक्रोकंट्रोलर शिकायला लागलेल्या प्रत्येकाला हे पहिल्या आठवड्यात भेटतंच, आणि जवळपास सगळे तेव्हा एकच गोष्ट करतात, कोड उघडतात आणि बदलायला लागतात. प्रिंटच्या ओळी वाढवतात, डिले घालतात, लायब्ररी बदलतात, आणि दोन तासांनी कोणीतरी मागून येऊन मॉनिटरचा बॉड रेट (सेकंदाला किती बिट, तो वेग) ९६०० चा ११५२०० करतं आणि सगळं नीट दिसायला लागतं, फक्त आता कोडमध्ये दहा बदल झालेत ज्यातला एकही नको होता.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की लॉग (चिपने छापलेल्या ओळी) दिसत नाही याचा अर्थ कोड चालत नाही असा होत नाही. चिपच्या आत प्रिंटचं फंक्शन, तिथून बफर (पाठवायची अक्षरं थांबतात ती मेमरी), मग यूआर्ट (चिपमधला सिरियल पाठवणारा भाग), मग टीएक्स म्हणजे पाठवायची पिन, वायर, यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर, केबल, ड्रायव्हर, पोर्ट आणि शेवटी तुमच्या स्क्रीनवरची विंडो, एवढा सगळा रस्ता आहे आणि यात कुठेही तुटलं तरी तुम्हाला दिसतं ते एकच, कोरी विंडो. शेतात शेवटच्या वाफ्यात पाणी आलं नाही तर आपण लगेच मोटार खोलत नाही, पाट कुठं फुटलाय ते बघत बघत विहिरीकडे जातो. इथेही तसंच, लॅपटॉपकडून चिपकडे जायचं, आणि प्रत्येक जोडावर अशी एक टेस्ट करायची जिचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल.

खालची उदाहरणं मुख्यतः ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपची आहेत कारण सध्या नवीन लोकांच्या हातात तोच असतो, मध्ये मध्ये अर्डुइनो ऊनो आणि एसटीएम३२ पण येतील. सामान फार लागत नाही, एक मल्टीमीटर, एक यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टर, चार जम्पर वायरी आणि जमलं तर तो ८ चॅनेलवाला २४ मेगाहर्ट्झचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर (पिन कधी हाय, कधी लो झाली ते वेळेसकट दाखवणारं साधन). मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत एका चकरेत सगळं मिळतं. लॉजिक ॲनालायझर लक्झरी वाटतो पण माझ्या मते नवीन माणसाने दुसरा बोर्ड घेण्याआधी तो घ्यावा.

आधी लक्षण नीट बघा

विंडो पूर्ण कोरी आहे, की कचरा येतोय, की सुरुवातीच्या चार ओळी येऊन थांबतंय, की त्याच त्याच ओळी परत परत येतायत, की सगळं येतंय पण मधल्या ओळी गायब आहेत, हे पाच वेगळे आजार आहेत. कोरी विंडो म्हणजे बहुतेक वेळा पोर्ट, वायर किंवा चुकीची पिन. कचरा म्हणजे बॉड रेट, क्लॉक किंवा ग्राउंड. येऊन थांबलं म्हणजे चिप कुठेतरी अडकून बसली. परत परत तेच म्हणजे रिसेट होतोय. मधलं गायब म्हणजे बहुतेक बफर भरून वाहतोय. स्क्रीनचा मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, कारण चार गोष्टी हलवून झाल्यावर सुरुवातीला नेमकं काय दिसत होतं ते कोणालाच आठवत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, हे सगळे सांगतात आणि घाईत कोणीच पाळत नाही, पण दोन गोष्टी एकदम बदलून चालू झालं तर कशामुळे झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी परत शून्यापासून सुरुवात.

पायरी १: केबल, पोर्ट, ड्रायव्हर

चार्जरबरोबर आलेल्या काही केबलींमध्ये फक्त पॉवरच्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतातच. बोर्डवरचा एलईडी लागतो म्हणून केबल चांगली वाटते. टेस्ट सोपी आहे, पोर्टची यादी उघडी ठेवा, केबल काढा आणि परत लावा, यादीत काहीतरी गेलं आणि आलं पाहिजे. विंडोजला डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्ट दिसेल, पिवळं चिन्ह असेल तर ड्रायव्हर नाहीये, बोर्डवर कन्व्हर्टरची चिप कुठली आहे ते वाचा (सीएच३४० किंवा सीपी२१०२ हे दोन फार कॉमन) आणि त्याचा ड्रायव्हर टाका. अपलोड याच केबलने, याच पोर्टवरून झालं असेल तर ही पायरी पास समजा आणि पुढे चला, उगीच केबली बदलत बसू नका.

लिनक्सवाल्यांसाठी दोन गोष्टी. पोर्ट दिसतोय पण परमिशन नाही म्हणतोय तर तुमचा युजर डायलआऊट ग्रुपमध्ये नाही, त्यात घाला आणि मग लॉगआऊट करून परत लॉगिन करा, नुसती टर्मिनल बंद करून उघडून काही होत नाही. दुसरं, उबुंटू २२.०४ वर सीएच३४० वाला बोर्ड लावला की पोर्ट येतो आणि लगेच गायब होतो, हे झालं तर बीआरएलटीटीवाय नावाचं ब्रेल डिस्प्लेसाठीचं पॅकेज तो पोर्ट स्वतःकडे ओढतंय, तुमच्या मशीनवर ब्रेल डिस्प्ले कोणी वापरत नसेल तर ते काढून टाका. बोर्ड खराब आहे म्हणून बदलून आणणारे लोक मी बघितलेत, आणि बोर्डात काहीच नव्हतं.

आता अपलोड झालंय तरी विंडो कोरी, याचं हल्ली सगळ्यात जास्त दिसणारं कारण. ईएसपी३२-एस३ आणि सी३ या चिप्समध्ये यूएसबी आतच आहे, काही बोर्डवर दोन यूएसबी सॉकेट पण असतात. अर्डुइनोच्या टूल्स मेनूत 'यूएसबी सीडीसी ऑन बूट' म्हणून एक ऑप्शन आहे, तो बंद असेल तर सिरियल प्रिंट यूआर्टच्या पिनांवर जातं आणि तुम्ही मात्र चिपच्या यूएसबीकडे डोळे लावून बसता. तो चालू करा किंवा केबल दुसऱ्या सॉकेटला लावा. आणि अशा बोर्डवर पहिल्या काही ओळी हरवतात कारण लॅपटॉप पोर्ट उघडेपर्यंत चिप त्या बोलून मोकळी झालेली असते, म्हणून सेटअपमध्ये दोन-तीन सेकंद थांबा, पण 'सिरियल तयार होईपर्यंत थांब' असा कायमचा लूप टाकू नका, नाहीतर लॅपटॉपशिवाय पॉवर दिली की काही बोर्ड तिथेच उभे राहतात, पुढे जातच नाहीत.

पायरी २: लूपबॅक

बाहेरचा कन्व्हर्टर वापरत असाल तर ही दोन मिनिटांची टेस्ट कधीही टाळू नका. कन्व्हर्टर बोर्डपासून पूर्ण सोडवा, त्याची टीएक्स आणि आरएक्स (म्हणजे घ्यायची) पिन एका वायरने एकमेकींना जोडा, टर्मिनल उघडा आणि काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं परत दिसलं तर लॅपटॉपपासून कन्व्हर्टरपर्यंतचा सगळा रस्ता साफ आहे. मग वायर काढून परत टाइप करा, आता काही दिसायला नको. वायर काढूनही अक्षरं दिसतायत तर टर्मिनलमध्ये लोकल इको चालू आहे आणि मघाचा निकाल खोटा होता. ऊनोवर कन्व्हर्टर बोर्डवरच असतो, तिथे रिसेट पिन ग्राउंडला जोडून ठेवा म्हणजे मुख्य चिप गप्प बसते, आणि मग ० आणि १ नंबरच्या पिना जोडून हीच टेस्ट करा.

पायरी ३: तीन वायरी

टीएक्स ला आरएक्स आणि आरएक्स ला टीएक्स, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी चुकतं, कारण काही बोर्डवर छापलेलं नाव 'माझी टीएक्स' या अर्थाने असतं आणि काहींवर 'इथे समोरच्याची टीएक्स लावा' या अर्थाने. शंका आली तर अदलाबदल करून बघा. तिसरी वायर ग्राउंडची, ती लोक विसरतात कारण दोन्हींना पॉवर वेगवेगळी मिळत असते. ग्राउंड जोडलेलं नसेल तर कधी कोरं, कधी कचरा, कधी चक्क नीट चालतं, आणि लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर वागणं बदललं तर आधी ग्राउंडच तपासा.

आता मल्टीमीटर. यूआर्टची लाइन रिकामी असताना हाय असते, म्हणजे ३.३ व्होल्टच्या चिपची टीएक्स पिन ग्राउंडच्या तुलनेत ३.३ च्या आसपास दिसली पाहिजे, आणि लॉग धावत असेल तर थोडी खाली थरथरताना दिसते. तिथे शून्य आलं तर एकतर पिन चुकली किंवा यूआर्ट सुरूच झालेला नाही. उलट कन्व्हर्टरच्या टीएक्सवर ५ व्होल्ट दिसले तर ती वायर ईएसपी३२ ला लावू नका, काही कन्व्हर्टरवरचा ३.३/५ चा जम्पर फक्त पॉवरच्या पिनेचा व्होल्टेज बदलतो, सिग्नलचा नाही, म्हणून जम्परवर विश्वास न ठेवता मोजा. नुसता लॉग वाचायचा असेल तर ही वायर लागतही नाही, बोर्डची टीएक्स आणि ग्राउंड, दोनच पुरतात. आणि जुन्या नऊ पिनांच्या आरएस-२३२ पोर्टला थेट काही जोडू नका, तिथे रिकामी लाइन निगेटिव्ह व्होल्टेजला असते, मध्ये मॅक्स३२३२ सारखी चिप लागते.

पिन कुठली? साध्या ईएसपी३२ वर यूआर्ट० ची टीएक्स जीपीआयओ१ आणि आरएक्स जीपीआयओ३ (जीपीआयओ म्हणजे चिपची नंबर दिलेली साधी पिन). एसटीएम३२ च्या ६४ पिनांच्या बहुतेक न्यूक्लिओ बोर्डवर यूएसबीतून दिसणारा कॉम पोर्ट यूसार्ट२ ला (एसटीएम३२ मध्ये यूआर्टचं हे नाव), म्हणजे पीए२-पीए३ ला जोडलेला असतो, ब्लू पिल या एसटीएम३२ च्या छोट्या बोर्डवर लोक यूसार्ट१ म्हणजे पीए९-पीए१० वापरतात. ब्लू पिलबरोबर जो पेनड्राइव्हसारखा दिसणारा स्वस्त एसटी-लिंक मिळतो त्यात कॉम पोर्ट नसतो, प्रोग्राम टाकता येतो पण लॉगसाठी वेगळा कन्व्हर्टर लागतोच, हे आधी कोणी सांगत नाही.

पायरी ४: कचरा येतोय तेव्हा

कचरा येणं ही खरं तर चांगली बातमी आहे. वायर, पोर्ट, पॉवर सगळं चालू आहे, चिप बोलतेय, फक्त दोघांचा वेग जुळत नाहीये. मॉनिटरचा बॉड रेट कोडमधल्या आकड्याशी जुळवा, ९६०० आणि ११५२०० हे दोन करून बघितले तरी बरीच प्रकरणं मिटतात.

ईएसपी८२६६ वर सुरुवातीला दोन ओळी कचरा आणि मग नीट, असं दिसत असेल तर काही बिघडलेलं नाही. त्याचा आतला बूट प्रोग्राम ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे असं धरून ११५२०० ने बोलतो, पण बोर्डवर बहुतेक २६ चा असतो, मग ११५२०० गुणिले २६ भागिले ४० म्हणजे ७४८८०. मॉनिटर ७४८८० ला लावा, तो कचरा वाचता येतो.

हे गणित एवढ्यासाठी सांगितलं की बॉड रेट हा चिपच्या क्लॉकला भागून काढलेला असतो. कोडला वाटतंय एक क्लॉक आणि प्रत्यक्षात आहे दुसरा, तर तुम्ही सिरियल बिगिनमध्ये ११५२०० लिहा नाहीतर काही लिहा, बाहेर तिसराच आकडा पडणार. माझ्याकडे एकदा एसटीएम३२ एफ४ चा एक बोर्ड आला होता, एलईडी बरोबर एक सेकंदाला ब्लिंक, डिबगरमध्ये सगळं आलबेल, आणि लॉग म्हणजे नुसती खिचडी. ब्लिंक वेळेत होतोय म्हणजे क्लॉक बरोबर आहे असं मी धरून चाललो आणि अख्खी दुपार कन्व्हर्टर बदलण्यात घालवली. शेवटी लॉजिक ॲनालायझर टीएक्सला लावला आणि सगळ्यात अरुंद पल्स मोजला. ११५२०० ला एक बिट ८.७ मायक्रोसेकंदाचा हवा, तो २७ चा होता. २७ भागिले ८.७ म्हणजे तीनच्या जरा वर, आणि २५ भागिले ८ म्हणजे ३.१२५. बोर्डवर ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, आणि दुसरीकडून उचललेल्या प्रोजेक्टमध्ये क्रिस्टलच्या आकड्याच्या जागी २५ लिहिलेलं. पीएलएलच्या (क्रिस्टलवरून चिपचा क्लॉक बनवणारा भाग) सेटिंग्ज बरोबर होत्या म्हणून चिप योग्य वेगाने धावत होती, पण बॉड रेटचं गणित त्या चुकीच्या २५ वरून होत होतं. एक आकडा बदलला आणि लॉग स्वच्छ.

तुमच्याकडे ॲनालायझर असेल तर त्याच्यासाठी एक छान युक्ती, कॅपिटल 'यू' हे अक्षर लूपमध्ये पाठवत राहा. त्याचे बिट एकाआड एक ०-१ असे आहेत, स्टार्ट आणि स्टॉप बिट धरूनही तसेच, त्यामुळे लाइनवर सरळ चौकोनी लाट दिसते आणि एका बिटाची रुंदी मोजली की खरा बॉड रेट कळला. ९६०० ला ती रुंदी १०४ मायक्रोसेकंद. साधारण २ टक्क्यांच्या आत फरक असेल तर चालून जातं, ४-५ टक्क्यांच्या पुढे गेला की अक्षरं बिघडायला लागतात. म्हणूनच आतल्या आरसी ऑसिलेटरवर चालणाऱ्या चिपचा लॉग टेबलावर नीट आणि उन्हात तापल्यावर कचरा, असं होऊ शकतं.

नुसती एटीमेगा३२८पी चिप घेऊन ब्रेडबोर्डवर बसवणाऱ्यांसाठी एक, ती कारखान्यातून १ मेगाहर्ट्झला सेट होऊन येते (आत ८ चा ऑसिलेटर आणि ८ ने भागणारी 'फ्यूज' नावाची सेटिंग), कोड १६ साठी कंपाइल केलेला असेल तर ९६०० चे ६०० होतात, ८ साठी असेल तर १२००.

पायरी ५: बूट लॉग वाचायला शिका

ईएसपी३२ मध्ये तुमचा कोड सुरू होण्याआधी चिपच्या रॉममधला प्रोग्राम ११५२०० वर चार ओळी बोलतो. हे इतकं उपयोगी आहे की मी कुठलाही ईएसपी३२ हातात घेतला की आधी मॉनिटर उघडून ईएन म्हणजे रिसेटचं बटण दाबतो. त्या ओळी दिसल्या म्हणजे पायरी १ ते ४ एका फटक्यात पास, आता शंका तुमच्या कोडवर. त्या दिसल्याच नाहीत तर मागे जा, आणि एक अपवाद लक्षात ठेवा, जीपीआयओ१५ बूटच्या वेळी लो असेल तर हा रॉमचा लॉग मुद्दाम गप्प केला जातो. सेन्सर किंवा रिले त्या पिनेला लावला असेल तर काढून बघा. आणि 'वेटिंग फॉर डाउनलोड' अशी ओळ येऊन थांबलं तर जीपीआयओ० लो राहिलीये, बूट बटण अडकलंय किंवा त्या पिनेला काहीतरी जोडलंय.

त्या ओळींमध्ये रिसेटचं कारण छापलेलं असतं. 'पॉवरऑन रिसेट' म्हणजे पॉवर आत्ता आली किंवा ईएन दाबलं, 'एसडब्ल्यू सीपीयू रिसेट' म्हणजे सॉफ्टवेअरने रिसेट केला, क्रॅशनंतर हे दिसतं, 'डीपस्लीप रिसेट' म्हणजे झोपेतून उठला. तुम्ही काहीच केलं नाही आणि दर दहा सेकंदांनी 'पॉवरऑन' येतंय तर पॉवर जातेय-येतेय, कोड बघू नका, सप्लाय बघा.

नंतर जो ईएसपी-आयडीएफचा (चिप बनवणाऱ्यांचंच सॉफ्टवेअर) लॉग येतो त्यातली प्रत्येक ओळ एका अक्षराने सुरू होते, ई म्हणजे एरर, डब्ल्यू वॉर्निंग, आय माहिती, आणि पुढे कंसात एक आकडा असतो तो बूट झाल्यापासूनचे मिलिसेकंद. नवीन लोक हा आकडा वाचतच नाहीत. दोन ओळींमध्ये ३२७ वरून एकदम १०३४० झालं तर मध्ये दहा सेकंद कुठेतरी अडकलं होतं, आणि मोठा आकडा अचानक परत तीनशेवर आला तर तिथे रिसेट झालाय, मग स्क्रीनवर ते कितीही सलग दिसो.

एका द्राक्षबागेत ओलावा मोजायला बसवलेल्या बोर्डचं सांगतो. टेबलावर यूएसबीवर आठवडाभर चालला, बागेत बॅटरीवर लावला की डेटा येईना. लॅपटॉप घेऊन तिथे बसलो, फक्त टीएक्स आणि ग्राउंड जोडलं (यूएसबी लावली असती तर पॉवर लॅपटॉपची मिळाली असती आणि प्रॉब्लेम दिसलाच नसता, हे लक्षात ठेवा), तर लॉग दर वेळी वायफाय सुरू होण्याच्या ओळीपर्यंत यायचा आणि मग 'ब्राउनआऊट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड', म्हणजे व्होल्टेज फार खाली गेला म्हणून रिसेट. वायफाय सुरू होताना चिप एकदम करंट ओढते, सप्लाय निदान ५०० मिलिअँपिअर देणारा हवा असं चिप बनवणारेच सांगतात, आणि इथे बॅटरीपासून बोर्डपर्यंत बारीक लांब वायर होती, तिच्यातच व्होल्टेज पडत होता. जाड वायर आणि बोर्डजवळ एक ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्यावर भागलं. इंटरनेटवर ब्राउनआऊट डिटेक्टर बंद करायचा एका ओळीचा उपाय सगळीकडे सापडतो, तो करू नका. त्याने व्होल्टेज वाढत नाही, फक्त सांगणारा गप्प होतो आणि पुढे फ्लॅशमधला डेटा बिघडला की कारण शोधायला काहीच हातात राहत नाही.

'गुरु मेडिटेशन एरर' आलं तर घाबरू नका, तो क्रॅशचा रिपोर्ट आहे आणि त्याच्याखाली 'बॅकट्रेस' म्हणून जे पत्ते असतात ते सोन्यासारखे जपा. आयडीएफचा मॉनिटर ते पत्ते फाइल आणि ओळ नंबरात आपोआप बदलून देतो, दुसऱ्या टर्मिनलमध्ये बघत असाल तर ॲडर-टू-लाइन टूल वापरायचं, पण त्यासाठी त्याच बिल्डची ईएलएफ फाइल (कुठला पत्ता कोडच्या कुठल्या ओळीचा ते जिच्यात असतं ती) लागते, परत कंपाइल केलेली नाही. म्हणून जे फर्मवेअर बाहेर जाईल त्याची ईएलएफ फाइल जपून ठेवायची सवय आजच लावा.

पायरी ६: आता कोड

पहिली गोष्ट, तुम्ही स्क्रीनवर बघताय तोच कोड चिपमध्ये चालतोय का? सुरुवातीलाच बिल्डची तारीख आणि वेळ प्रिंट करा, सी मध्ये त्यासाठी डेट आणि टाइमचे तयार मॅक्रो आहेत. चुकीच्या प्रोजेक्टचं अपलोड करून अर्धा दिवस शोधत बसलेले लोक कमी नाहीत. फक्त ते मॅक्रो जिथे आहेत ती फाइल परत कंपाइल झाली तरच वेळ बदलते, हे ध्यानात ठेवा.

दुसरी, लॉग लेव्हल. अर्डुइनोत ईएसपी३२ साठी 'कोअर डिबग लेव्हल' मेनूत डिफॉल्टला 'नन' असतं, त्यामुळे लायब्ररीच्या आतले मेसेज दिसतच नाहीत. आयडीएफमध्ये डिफॉल्ट 'इन्फो' असतं, डिबग आणि व्हर्बोज लेव्हलच्या ओळी कंपाइल होतानाच काढून टाकल्या जातात, आणि ज्या ओळी बायनरीतच नाहीत त्या रनटाइमला लेव्हल वाढवून कशा येणार? मेनूकॉन्फिगमध्ये कमाल लेव्हल वाढवा आणि परत बिल्ड करा. सगळीकडे वाढवू नका, ज्या टॅगवर (लॉगच्या ओळीत छापलेलं त्या भागाचं नाव) संशय आहे तेवढ्याच टॅगची लेव्हल रनटाइमला वर न्या, नाहीतर वायफायच्या बडबडीत तुमची ओळ सापडणार नाही.

तिसरी, एसटीएम३२ वर प्रिंटएफ वापरताना ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश एन नसेल तर अक्षरं बफरमध्येच बसून राहतात, लायब्ररी नवीन ओळ येईपर्यंत थांबते. 'इथपर्यंत आलो' असं एन न लावता लिहिलं आणि पुढच्या ओळीत क्रॅश झाला तर ते कधीच बाहेर येत नाही, आणि तुम्ही म्हणता की इथपर्यंत आलाच नाही. डिबगिंगमध्ये याच्याइतकं दिशाभूल करणारं काही नाही. एन लावा, एफफ्लश करा (बफरमधलं सगळं लगेच बाहेर पाठवा) किंवा सेटव्हीबफने बफरिंगच बंद करा. आणि एक अक्षर पण येत नसेल तर बघा की प्रिंटएफ यूआर्टला जोडणारं राइटचं फंक्शन मुळात लिहिलंय का, ते आपोआप होत नाही.

चौथी, दशांश आकडे. ऊनोवर एसप्रिंटएफमध्ये फ्लोट दिला की प्रश्नचिन्ह छापलं जातं, एसटीएम३२ वर छोटी लायब्ररी वापरली तर तिथे रिकामी जागा येते. सेन्सर खराब नाही. लिंकरमध्ये फ्लोटचा सपोर्ट चालू करा किंवा २७.४५ च्या जागी २७४५ असा पूर्णांक छापा, मी दुसरंच करतो. ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत जातायत तर फक्त बॅकस्लॅश आर कमी आहे.

लॉगमुळेच बिघडतं तेव्हा

प्रिंट फुकट नसतं. एका अक्षराला स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट लागतात, म्हणजे ९६०० ला सेकंदाला ९६० अक्षरं. ८० अक्षरांची एक ओळ पाठवायला ८३ मिलिसेकंद, ११५२०० ला तीच ७ मध्ये. अर्डुइनो ऊनोचा पाठवायचा बफर ६४ बाइटचा, तो भरला की प्रिंट तिथेच थांबून राहतं, आणि तुमचा १० मिलिसेकंदांचा कंट्रोल लूप ८० चा होतो. मोटर झटके घ्यायला लागते आणि माणूस पीआयडीचे (मोटरच्या कंट्रोलचे) आकडे बदलत बसतो. ९६०० हा आकडा जुन्या उदाहरणांमधून आलाय, आज तो वापरायचं काही कारण नाही, ११५२०० पासून सुरुवात करा.

इंटरप्टच्या (मुख्य कोड मध्येच थांबवून चालणारं फंक्शन) आत प्रिंट करू नका, हे मी हात जोडून सांगतो. आत एक फ्लॅग किंवा काउंटर बदला आणि मुख्य लूपमध्ये येऊन छापा. आरटीओएसवर (अनेक टास्क आलटून पालटून चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) छोट्या स्टॅकच्या, म्हणजे कमी कामाची मेमरी दिलेल्या, टास्कमध्ये प्रिंटएफ घातलं की स्टॅक उतू जातो, विशेषतः फ्लोटबरोबर, आणि मग प्रिंट घातलं की क्रॅश, काढलं की नीट, असं भुतासारखं वागणं दिसतं. स्टॅक वाढवून बघा. दोन टास्क एकाच वेळी छापत असतील तर ओळी एकमेकींत मिसळतात, त्यांच्यात म्युटेक्स (एका वेळी एकालाच छापू देणारं कुलूप) हवा. उलट कधी कधी प्रिंट घातलं की प्रॉब्लेम जातो, तेव्हा तो सुटलाय असं समजू नका, टायमिंग बदललंय एवढंच. अशा वेळी प्रिंटच्या जागी एक मोकळी पिन हाय-लो करा आणि ॲनालायझरवर बघा, त्याला फार तर काही मायक्रोसेकंद लागतात.

डीप स्लीपमध्ये जाण्याआधी फ्लश करा, नाहीतर शेवटची ओळ अर्धवट तुटते आणि क्रॅश झाल्यासारखं वाटतं.

यूआर्टला पिनाच शिल्लक नसतील आणि एसटीएम३२ सारखी कॉर्टेक्स-एम चिप असेल तर आरटीटी बघा, त्यात लॉग रॅममधल्या एका बफरमध्ये लिहिला जातो आणि डिबगर तो मागच्या मागे वाचतो, फार वेगवान आहे. एसडब्ल्यूओ (डिबगरच्या एका पिनेतून लॉग बाहेर काढणं) पण चांगला, पण कॉर्टेक्स-एम० वर तो मिळत नाही. सेमीहोस्टिंग मात्र नवीन माणसाने जपून वापरावं, त्यात प्रत्येक प्रिंटला चिप ब्रेकपॉइंटवर थांबते आणि डिबगर येऊन अक्षरं घेऊन जातो. डिबगर काढला की घ्यायला कोणी नसतं, कॉर्टेक्स-एम सरळ हार्डफॉल्टमध्ये जाते, म्हणजे क्रॅश होते. 'लॅपटॉपला लावलं की चालतं, नुसत्या पॉवरवर चालत नाही' अशी तक्रार घेऊन कोणी आलं तर मी आधी प्रोजेक्टमध्ये सेमीहोस्टिंग चालू राहिलंय का ते बघतो, आणि मगच पॉवर मोजायला मल्टीमीटर उचलतो.